फौजेचं ग्रॅज्युएशन घेऊन एमएला गेलो, काउंटरवरून परत आलो

तोफखाना_सातारा

राम राम मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

२००० साली तोफखान्यात भरती झालो. नाशिकरोडला ट्रेनिंग, मग ट्रेड मिळाला टीए, म्हणजे टेक्निकल असिस्टंट. तोफेवरच्या जवानाला टार्गेट दिसत नसतं, ते डोंगराच्या पलीकडं असतं. नकाशा, वारा, हवेचं तापमान, दारूची गरमी हे सगळं धरून तोफेचं तोंड किती उचलायचं नि किती फिरवायचं हा आकडा जो काढून देतो तो टीए. चोवीस वर्षं आकडेच काढले. मागच्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शन आलो. वय आता ४३.

पेन्शन सत्तावीस हजारांच्या आसपास आहे. थोडी शेती आहे, ती भाऊ बघतो. गावात भेटेल तो एकच विचारतो, 'मग, कुठल्या कंपनीत सिक्युरिटीला?' तेही चार महिने केलं. गेटवर रजिस्टर लिहायचं, गाडीखालून आरसा फिरवायचा. काम वाईट नाही, माझे निम्मे बॅचमेट तेच करतात, कुणाला कमी लेखत नाही. पण बारा तासांच्या ड्युटीत दिवसाला एकही गणित करायला लागत नाही, त्यानं मला झोप येईना.

दोन-तीन वर्षांपूर्वी रजेवर असताना आमच्या गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली, स्वामित्व योजनेतली. आदल्या दिवशी सगळ्यांनी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. वरून सगळं गाव पांढऱ्या चौकटींत दिसत होतं. ड्रोनवाल्या पोराच्या लॅपटॉपवर बघत उभा राहिलो. त्याला म्हटलं, हे तर आमचंच काम. तो म्हणाला, काका, भूगोलात एमए करा नाहीतर जिओइन्फॉरमॅटिक्स करा. तेव्हापासून डोक्यात तेच.

पंधरा वर्षं सर्व्हिस झाल्यावर फौजेनं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट दिलं होतं, लॅमिनेशन करून ठेवलेलं. ते घेऊन शहरातल्या एका कॉलेजात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं. 'विद्यापीठाची मार्कलिस्ट?' म्हणाल्या. नाही. 'मग विषय कुठला होता?' त्याला विषय नसतो. बाई वाईट नव्हत्या. पाणी दिलं, बसा म्हणाल्या, वरच्या साहेबांना विचारून आल्या आणि म्हणाल्या, काका, हे इथं चालत नाही.

ह्याच सर्टिफिकेटवर आमच्या युनिटचा एक जण बँकेत लागलाय. मग चालतं का चालत नाही? कुणीतरी नीट सांगा. अजून एक: बारावीची परीक्षा मी दिलीच नाही. अकरावी सायन्स करून बारावीत असतानाच भरती निघाली नि लागलो.

मिरजेची_तार

राम राम हवालदार साहेब. माझी सगळी नोकरी असलेच कागद तपासण्यात गेली म्हणून बोलतो.

चालतं आणि चालत नाही, दोन्ही खरं. १९८६ सालचा केंद्राचा आदेश आहे. दहावी पास आणि किमान पंधरा वर्षं सेवा झालेला माजी सैनिक, जिथं पदवी मागितली आहे अशा गट क च्या पदासाठी पात्र धरायचा. आपल्याकडे तलाठ्याच्या जाहिरातीत बघा, माजी सैनिकांच्या रकान्यात तीच ओळ असते. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेतही असते. म्हणजे ती पात्रता नोकरीपुरती आहे, आणि तीही ठरावीक नोकऱ्यांपुरती. जिथं तांत्रिक शिक्षण लागतं तिथं तिचा उपयोग नाही. तुम्ही उद्या भूमि अभिलेखला भूकरमापक व्हायला गेलात तर ते सिव्हिलचा डिप्लोमा किंवा आयटीआयचा सर्व्हेअर मागतील. तुमची चोवीस वर्षांची गणितं तिथं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

विद्यापीठाला मात्र पदवी म्हणजे विद्यापीठाचीच लागते. त्या बाईंचं काही चुकलं नाही. चुकतं ते सर्टिफिकेट हातात देताना. 'तू आता ग्रॅज्युएट झालास' एवढंच सांगतात नि पुढचं वाक्य कुणी सांगत नाही. दरवर्षी दोन-चार जण तरी तुमच्यासारखे काउंटरवरून परत येताना मी बघितलेत. एक जण तर एमपीएससी, एलएलबी आणि एमबीए तिन्हीकडे तेच घेऊन गेला होता.

हिशोबी

भावना बाजूला ठेवून आकडे मांडतो, राग मानू नका.

बारावीला एक वर्ष, बीएला तीन, एमएला दोन. सहा वर्षं. सगळं पहिल्या फटक्यात सुटलं तर तुम्ही ४९ चे. ४९ व्या वर्षी जीआयएसचा, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या कामाचा, फ्रेशर कोण घेणार? तिथं पंचवीस वर्षांची पोरं वीस-पंचवीस हजारांवर बसलेली आहेत.

त्यापेक्षा बँकेच्या क्लार्कची परीक्षा द्या. माजी सैनिकांना साडेचौदा टक्के जागा राखीव, वयात सेवेची वर्षं अधिक तीन अशी सूट, कमाल ५० पर्यंत. तुमच्याकडे सात वर्षं आहेत. पगार चालू, पेन्शन चालू. राज्य सरकारच्या गट क आणि ड मध्ये पंधरा टक्के आहेत, तेही बघा. शिकायची हौस नंतर भागवा.

मिरजेची_तार

हिशोबी यांचं गणित बरोबर आहे, एक तळटीप तेवढी जोडतो. केंद्राच्या नियमात माजी सैनिकाचं आरक्षण घेऊन एकदा नागरी सरकारी नोकरीत रुजू झालं की पुढच्या नोकरीला ते पुन्हा मिळत नाही. रुजू होण्याआधीच दुसरीकडे अर्ज केलेले असतील आणि ते लिहून दिलं असेल तर तेवढ्या अर्जांपुरती सवलत आहे. म्हणून पहिली मिळेल ती पकडू, मग बघू, असं करू नका. आमच्याकडे एक नायक शिपायाच्या जागेवर लागले, सहा महिन्यांनी क्लार्कची जाहिरात आली आणि ते जाहिरात हातात घेऊन नुसते बघत बसले.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. मी ह्या रस्त्यानं जाऊन आलोय म्हणून जरा लांबण लावतो.

माझी पण दहावीच होती. आमच्या वेळी मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी नावाचा कोर्स करून सरळ बीएला जाता यायचं, बारावी लागत नव्हती. मी तसं न करता आधी बारावी केली, कारण आमचे एज्युकेशन हवालदार साहेब मागे लागले होते. ते म्हणायचे, पायऱ्या सोडून चढलास तर उतरताना पडशील. तेव्हा वैताग यायचा त्यांचा.

बीए केलं इग्नूमधून, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठातून, नोकरीत असताना. तीन वर्षांचं बीए सहा वर्षांत. अभ्यासामुळं नाही, परीक्षेमुळं. इग्नूची परीक्षा जून आणि डिसेंबर. जूनमध्ये आमची पलटण वर असायची आणि डिसेंबरात खिंड बंद. एकदा सेंटर खाली होतं, रजा मंजूर होती, कॉन्व्हॉय तीन दिवस अडकला. पोचलो तेव्हा इतिहासाचा पेपर होऊन गेला होता. सेंटरच्या वॉचमननं चहा पाजला नि म्हणाला, फौजी, सहा महिन्यांनी ये. असाइनमेंट मी बंकरमध्ये लिहिल्यात. थंडीनं पेनातली शाई गोठते, म्हणून रिफिल काखेत धरून ठेवायची, चार ओळी झाल्या की बदलायची. टपालानं पाठवलेल्या असाइनमेंटला तिसाचं वजन असतं, त्यानंच तारलं.

पेन्शन आल्यावर ४८ व्या वर्षी एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या मास्टर्सला, रेग्युलर ॲडमिशन घेतली. पहिल्याच दिवशी हजेरीला माझं नाव आलं आणि मी खाडकन उभा राहून 'हाजिर सर' ओरडलो. वर्ग हसला. सर माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, ते बिचारे दचकले. नंतर सगळी पोरं मला 'साहेब' म्हणायला लागली आणि ग्रुप प्रोजेक्टचं टायपिंग त्यांनी केलं, गावात घुसून लोकांशी बोलायचं काम माझ्यावर टाकलं. एमएसडब्ल्यूला क्षेत्रकार्य असतं, आठवड्यातले दोन दिवस. मला व्यसनमुक्ती केंद्र मिळालं.

तिथं माझ्या लक्षात आलं की मी इथंच का आलो. दाखल झालेल्यांत तीन माजी सैनिक होते. कॅन्टीनच्या दारूच्या कोट्यानं सुरुवात झालेली. डॉक्टरांशी, समुपदेशकाशी ते बोलायचे नाहीत. मी शेजारी बसून विचारलं, 'कुठली पलटण?' एक जण रडायलाच लागला. आज सहा वर्षं त्याच केंद्रात समुपदेशक आहे. पगार सांगण्यासारखा नाही, पण पेन्शन आहे ना.

तेव्हा हिशोबी साहेब, तुमचं गणित बिनपेन्शनवाल्याचं आहे. हवालदार साहेबांच्या घरात चूल पेटलेली आहे. त्यांना झोप येत नाही हा त्यांचा प्रश्न आहे.

हिशोबी

मान्य. पण चूल पेटलेली आहे हे घरातल्यांनाही विचारावं एकदा.

गुलमोहर

घरातली बोलते. मी धागाकर्त्यांची कुणी नाही, पण अशाच एका घरातली आहे.

आमचे 'हे' तीन वर्षांपूर्वी पेन्शन आले. वीस वर्षं मुलांचे ताप, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, वीज बिलापासून पाणीपट्टीपर्यंत सगळं मी एकटीनं ओढलं. वाटलं, आता तरी माणूस घरात मिळेल. तर महिनाभरात यांनी एमबीएच्या क्लासचं पत्रक आणलं. शनिवार-रविवार पुण्याला. मी काही बोलले नाही, डबा भरून दिला. पण आतून चिडले होते आणि अजून थोडी आहे.

कारण डीएड मी पण सोडलं होतं. फॅमिली क्वार्टर मिळाला, पंजाबात, दुसऱ्या वर्षाला असताना. तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

शिकू नका असं म्हणत नाही. दादा, तुम्ही वहिनींना विचारलंत का एवढंच विचारते. आणि त्यांचं काही अर्धवट राहिलंय का, हेही.

खडू_फळा

वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो. आधी एक प्रसंग सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे एमएला एक निवृत्त नायब सुभेदार होते. प्रात्यक्षिकाला स्थलनिर्देशक नकाशा दिला, एकास पन्नास हजारचा. समोच्च रेषांवरून उतार ओळखा, छेद काढा, असलं नेहमीचं. पोरं पट्टी घेऊन मोजत होती. हे गृहस्थ नकाशा फिरवून उत्तरेकडं लावून बसले आणि एका टेकडीवर बोट ठेवून म्हणाले, 'सर, इथं मोर्चा लावला तर मारला जाईल. मागच्या सोंडेवरून सगळं दिसतं.' मी वीस वर्षं तो नकाशा शिकवतोय, ती सोंड मला कधी दिसली नव्हती. आम्ही छेद काढून बघितला. खरंच दिसत होतं.

त्याच गृहस्थांना 'प्रादेशिक असमतोलाची कारणे स्पष्ट करा' हा दहा मार्कांचा प्रश्न आला की घाम फुटायचा. चार ओळींत उत्तर संपवायचे, मुद्दे क्रमांक घालून, रिपोर्ट लिहावा तसे. मी म्हणायचो, साहेब, पसरट लिहा. ते म्हणायचे, सर, जे आहे ते लिहिलं, अजून काय लिहू? उत्तर पसरट करायला शिकायला त्यांना वर्ष लागलं. म्हणजे आम्ही चांगल्या माणसाला बिघडवलं म्हणायचं.

आता धागाकर्त्यांसाठी कामाचं. नुसत्या एमए भूगोलावर जीआयएसची नोकरी मिळते असं कुणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे. काम बघतात, हातात सॉफ्टवेअर आहे का बघतात. क्यूजीआयएस फुकट आहे, आज रात्री उतरवून घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाचे खुल्या मालिकेतले नकाशे २०१७ पासून त्यांच्या पोर्टलवर फुकट मिळतात. स्वतःच्या गावाचा नकाशा घ्या, त्यावर विहिरी, ओढे, बंधारे चढवा. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्रानं नकाशे आणि मोजणीवरची बरीच बंधनं काढली, तेव्हापासून खाजगी मोजणीचं काम वाढलंय. पदवी होईपर्यंत थांबायची गरज नाही, पण पदवी सोडूही नका. निविदेत माणसांची यादी जोडताना शेवटी पदवीचाच रकाना भरावा लागतो.

आणि एमएनंतर सेट-नेट झालं तर सहायक प्राध्यापकाला त्या परीक्षेत वयाची अट नाही, हेही सांगून ठेवतो. जागा निघतात का, हा वेगळा धागा काढावा लागेल. त्यात मीच सगळ्यात जास्त ओरडेन.

शॉर्ट_सर्व्हिस

ऑर्डनन्स कोअरमध्ये दहा वर्षं होते, शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांपुरतं अधिकारीपद. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर. म्हणून माझं गणित हिशोबींसारखंच होतं.

अधिकारी आणि जवान यांत फरक आहे तो आधी मान्य करते. एनडीएतून जाणाऱ्याला खडकवासल्यालाच जेएनयूची पदवी मिळते, आम्ही ओटीएवाले (अधिकारी प्रशिक्षण अकादमीचे) पदवी घेऊनच आत जातो. आम्हाला काउंटरवरून कुणी परत पाठवत नाही. पुनर्वसन महासंचालनालय म्हणजे डीजीआर अधिकाऱ्यांसाठी आयआयएममध्ये चोवीस आठवड्यांचे कोर्स ठेवतं, फीतला साठ टक्के वाटा सरकारचा. जवान आणि जेसीओंसाठी (सुभेदार वगैरे) डीजीआरचे कोर्स पूर्ण मोफत असतात, पण ते सर्टिफिकेट कोर्स, पदवी नव्हे, आणि घ्यायचे नोकरीच्या शेवटच्या दोन वर्षांत. हवालदार साहेब, तुम्ही कुठला घेतलात?

मी एक वर्षाचं एमबीए केलं. फी तीस लाखांच्या वर, कर्ज काढून. पहिल्या मुलाखतीत विचारलं, 'आधी काय करायचात?' म्हटलं, दारूगोळ्याचा डेपो सांभाळायचे. समोर शांतता. एकानं विचारलं, 'म्हणजे बंदूक चालवायचात?' बाहेर येऊन हसावं की रडावं कळेना. पुढच्या मुलाखतीत तेच असं सांगितलं: हजारो प्रकारचा माल, प्रत्येकाची मुदत वेगळी, दोन प्रकार शेजारी ठेवलेले चालत नाहीत, मोजणीत एक नग कमी आला तर चौकशी बसते, आणि चूक झाली तर इमारत उडते. दहा वर्षांत एक नग कमी आला नाही. नोकरी मिळाली, औषधांच्या गोदामांची साखळी सांभाळते.

तेव्हा 'टीए होतो' असं लिहू नका, कुणाला कळणार नाही. तुम्ही वर एका परिच्छेदात जे लिहिलंय तेच लिहा. 'टार्गेट डोंगराच्या पलीकडं असतं' हे वाक्य तर तसंच ठेवा.

तोफखाना_सातारा

सगळ्यांचे आभार. एवढे जण लिहितील असं वाटलं नव्हतं.

@शॉर्ट_सर्व्हिस मॅडम, डीजीआरचा कोर्स सिक्युरिटी सुपरवायझरचा घेतला. तीन महिने. तेव्हा दुसरं काही सुचलं नाही, लिस्टमध्ये वर तोच होता नि युनिटचे आणखी दोघं जाणार होते.

@गुलमोहर ताई, तुमचा मेसेज रात्री घरात वाचून दाखवला. मालकीण म्हणाली, 'बाईचं खरं आहे.' पुढं काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, मला शिवणाचं मोठं मशीन पाहिजे होतं, तुम्ही सियाचीनला होता तेव्हा सांगितलेलं. मला आठवत नव्हतं. मशीन बघायला साताऱ्याला जाणार आहोत.

आता प्रश्न बारावीचा. पूर्वतयारी करून सरळ बीए करू का बारावी करू? एक वर्ष वाचतंय.

वकिली_सांगली

वर्ष वाचवू नका.

मी वकील आहे, माझ्याकडे अशीच एक केस येऊन गेली म्हणून सांगतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदा शिक्षण नियमांत स्पष्ट आहे की मूळ पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतलेल्याला एलएलबीला प्रवेश नाही. दहावी, बारावी, पदवी ही शिडी सलग पाहिजे. एका माजी सैनिकानं पूर्वतयारीवरून बीए केलं, चांगले मार्क, तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी दिली, नंबर लागला आणि कागदपत्रं तपासताना अडकला. तुम्हाला आज वकील व्हायचं नाही. पण पन्नाशीत माणसाला काय सुचेल सांगता येत नाही, मी उदाहरणं रोज बघतो.

मुक्त विद्यापीठाला कमी लेखतोय असं समजू नका. यूजीसीनं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय की मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी आणि रेग्युलर पदवी यांचा दर्जा समान. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचं बीए चांगलं, पण बारावीवरून करा. बारावी १७ नंबरच्या फॉर्मनं बाहेरून देता येते.

खडू_फळा

अनुमोदन. आणि १७ नंबर भरताना कला शाखा घ्या, भूगोल विषय ठेवा. सायन्सचा हट्ट नको, प्रात्यक्षिकांच्या भानगडीत पडाल.

नवा_गडी

सर मी अग्निवीर आहे, पहिल्या बॅचचा. २०२३ च्या जानेवारीत ट्रेनिंग सुरू झालं. चार वर्षं झाली की पंचवीस टक्के ठेवणार, बाकीचे बाहेर. मी ठेवणाऱ्यात असेन का माहीत नाही. आम्हाला इग्नूची पदवी देणार म्हणून सांगितलेलं, त्यात निम्मे क्रेडिट ट्रेनिंगचे धरणार. ती पदवी ह्या सर्टिफिकेटसारखी आहे का खरी आहे? विचारायला कुणी नाही म्हणून इथं विचारतो.

मिरजेची_तार

बाळा, आधी हे समजून घे की ह्या धाग्यातलं पंधरा वर्षांवालं सर्टिफिकेट तुला लागूच होत नाही, चार वर्षांत ते कुठून येणार. तुझं प्रकरण वेगळं आहे. इग्नूची ती पदवी विद्यापीठाची आहे, निम्मे क्रेडिट कौशल्य प्रशिक्षणाचे आणि निम्मे तू विषय शिकून, परीक्षा देऊन मिळवायचे. दुसऱ्या निम्म्याकडे दुर्लक्ष केलंस तर हातात काही राहणार नाही. नाव नोंदवलंयस का? नोंदणी क्रमांक स्वतःच्या वहीत लिहून ठेव. युनिटच्या क्लार्ककडं आहे असं म्हणू नकोस.

निवृत्त_सुभेदार

आणि चार वर्षांनी सेवानिधीचे अकरा-बारा लाख एकरकमी हातात आले की पहिल्या महिन्यात गाडी घेऊ नकोस रे.

नवा_गडी

नोंदवलंय सर. गाडीचं बघतो 🙂

ऑस्टिनकर

टेक्सासमधून. जरा विषयांतर करतो.

माझ्याबरोबर मास्टर्सला चौघं माजी सैनिक होते. इथं १९४४ साली जीआय बिल नावाचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्यांसाठी केला. १९५६ पर्यंत जवळपास ७८ लाख लोकांनी त्यातून काही ना काही शिक्षण घेतलं. १९४७ साली तर अमेरिकेतल्या कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. आताच्या कायद्यात ३६ महिन्यांची फी आणि राहण्याचा भत्ता मिळतो, तो सैनिकाच्या स्वतःच्या पदवीला. आपल्याकडे असं काही आहे का?

मिरजेची_तार

आपल्याकडची शिष्यवृत्ती बघा: पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांना आणि विधवा पत्नींना. सीईटीच्या प्रवेशात डिफेन्स कोटा आहे, तोही मुलांना. सैनिक स्वतः शिकायला येईल अशी कल्पना नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात नव्हती, त्यानं गृहीत धरलं की हा आता पोरांना शिकवणार. गृहीत धरणं अगदी चूकही नव्हतं म्हणा. पण दहावी-बारावीवर भरती झालेला माणूस चाळिशीत बाहेर येतो आणि पुढं पंधरा-वीस वर्षं काम करू शकतो, त्याच्या पदवीचं काय?

हिशोबी

ह्या मुद्द्यावर मी तुमच्या बाजूनं.

तोफखाना_सातारा

अपडेट देतो.

काल आमच्या जुन्या हायस्कुलात गेलो होतो, दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी. क्लार्कनं १९९८ चं रजिस्टर काढलं, पानं चिकटलेली. माझ्या नावासमोर दहावीचे मार्क आणि जन्मतारीख. नंतर ज्युनियर कॉलेजचं रजिस्टर निघालं, त्यात शाळा सोडल्याचं कारण ह्या रकान्यात तेव्हाच्या सरांनी निळ्या शाईत लिहिलंय, 'सैन्यात भरती'. क्लार्क म्हणाला, नवीन दाखल्यावर पण हेच कारण येणार. म्हटलं, येऊ द्या.

१७ नंबर भरला. कला शाखा, मराठी, इंग्रजी, भूगोल, इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र. बँकेचा फॉर्म पण भरलाय, हिशोबी साहेब, तुमचं ऐकलं. मिरजेच्या साहेबांनी सांगितल्याप्रमाणे रुजू व्हायची वेळ आली तर आधी सगळे अर्ज लिहून देणार. क्यूजीआयएस चालू झालंय, गावाच्या विहिरी चढवतोय, आतापर्यंत एकोणतीस. त्यातली एक कुणाची यावरून दोन भावकींत वाद आहे, ती मी अजून टाकली नाही.

मुलगी यंदा बारावीला आहे, सायन्सला. म्हणजे फेब्रुवारीत आम्ही दोघंही. ती म्हणाली, पप्पा, आपले नंबर एकाच सेंटरला आले तर मला ओळख देऊ नका.

कुणाकडं बारावी भूगोलाचं पुस्तक आहे का? जुनं नको, २०२० च्या नव्या अभ्यासक्रमाचं पाहिजे. पोस्टेज देतो.

गुलमोहर

माझ्या मुलाचं आहे. कव्हर गेलंय, आत सगळं ठीक आहे, नकाशे रंगवलेले आहेत तेवढे खोडून घ्या. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करा. आणि मशीन कुठलं घेतलंत ते पण कळवा, मलाही घ्यायचंय.